सहलीची बस, पहाटे साडेचार आणि संमतीपत्रावरची ती एक ओळ

उंबरठा, मंगळवार रात्री १०:४०

मुलगी सातवीत आहे, पुढच्या आठवड्यात शाळेची सहल. तिचा उत्साह विचारू नका, बॅग आत्तापासून भरून दाराशी ठेवलीये. आणि माझी झोप उडालीये. काल संमतीपत्र आलं, त्यात लिहिलंय पहाटे साडेचारला शाळेच्या गेटवर जमणे, एकूण पाच ठिकाणं, त्यात एका तलावावर बोटिंग, आणि रात्री अकरापर्यंत परत. एका बाजूचं अंतर १९० किमी, मधे घाट. बस खासगी ट्रॅव्हल्सच्या. सहीच्या जागेच्या वर बारीक अक्षरात एक ओळ, 'प्रवासात कोणतीही दुर्घटना घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' ती वाचली आणि पेनाचं टोपण परत लावलं मी.

नवरा म्हणतो तू अति विचार करतेस, शाळा दरवर्षी नेते, काही झालंय का कधी. त्याचं बरोबरही असेल. पण मला नक्की काय विचारायचं तेच कळत नाहीये, म्हणजे शाळेत जाऊन 'बस चांगली आहे ना' विचारलं तर 'हो हो एकदम चांगली आहे' याच्यापलीकडे उत्तर काय येणार. न पाठवणं हा पर्याय नकोय, ती वर्षभर बोलणार नाही माझ्याशी. जाणकारांनी प्रकाश टाकावा. काय विचारू, कोणाला विचारू, आणि सही करू का?

मीच_तो_बाबा, मंगळवार रात्री १०:५२

आमच्या वेळी एका बसमध्ये नव्वद पोरं कोंबून न्यायचे, अर्धी उभी, मास्तर पुढे बॉनेटवर बसलेले. काही झालं नाही. हल्लीचे पालक पोरांना कापसात गुंडाळून ठेवतात. पाठवा बिनधास्त. (हलके घ्या.)

दोनचिमण्या, मंगळवार रात्री ११:०५

>> काही झालं नाही

ज्यांना झालं ते धाग्यावर लिहीत नसतात हो बाबा.

उंबरठा, तुमची काळजी अजिबात अति नाहीये. गेल्या वर्षी माझा मुलगा सहलीहून रात्री पावणेबाराला आला, आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करताना हसत हसत सांगतोय, आई ड्रायव्हर काका एवढे फनी होते ना, सिग्नलला झोपले, मागच्या गाडीने हॉर्न मारला तेव्हा उठले, मग सर पुढे जाऊन बसले आणि त्यांच्याशी गप्पा मारत राहिले. सगळ्या बसला गंमत वाटली म्हणे. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. शाळेला पत्र दिलं तर उत्तर आलं की 'सहल यशस्वीरीत्या पार पडली आहे'. बास. एवढंच.

स्टेअरिंगमागे, मंगळवार रात्री ११:४८

ताई, मी या धंद्यात आहे. बावीस वर्षं गाडी चालवतोय, आता स्वतःच्या दोन बस आहेत आणि अजूनही एकीवर मीच बसतो. सहलीच्या सीझनला शाळांचं काम करतो त्यामुळे दोन्ही बाजू माहिती आहेत, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पालक येतात ते बस बघायला येतात. नवी आहे का, एसी आहे का, पडदे, टीव्ही. बस बघाच, पण तुमच्या कागदात मला जे दिसलं ते बसबद्दल नाहीच, ते वेळेबद्दल आहे. साडेचारला गेटवर म्हणजे गाडी चारला लागते. चारला लागायची तर ड्रायव्हर तीनला गाडीजवळ पाहिजे, हवा बघणं, काच पुसणं, मग निघणं. म्हणजे तो उठला दोनला. अडीच धरा. आता रात्री अकराला पोरं उतरणार, पालक येईपर्यंत साडेअकरा, मग गाडी झाडून पार्किंगला नेऊन लावेपर्यंत साडेबारा. झाले बावीस तास. आणि आदल्या दिवशी त्याने लग्नाची नाहीतर दुसऱ्या शाळेची ट्रिप मारली असेल तर ते दोनला उठणंसुद्धा नाही, तो झोपलेलाच नाही. सीझनला डबल मारणं अगदी कॉमन आहे, खोटं कशाला बोलू, मीही मारलीये तरुणपणी. आता नाही मारत.

आता अंतर. १९० जाऊन १९० येऊन ३८०, पाच ठिकाणांची फिराफिर धरून सव्वाचारशे पकडा. घाट, गावं, थांबे धरून बसचा ॲव्हरेज ताशी चाळीसच्या वर जात नाही. साडेदहा तास नुसतं स्टेअरिंग. एका माणसाने.

लोक म्हणतात मधे पोरं स्पॉट बघतात तेव्हा ड्रायव्हर झोपतो की. हो, झोपतो ना. उन्हात उभ्या असलेल्या बसच्या मागच्या लांब सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन. पंधरा मिनिटांत पार्किंगवाला काच ठोकतो, गाडी पुढे घ्या. वीस मिनिटांनी एखादी मॅडम येते, मुलीचं जॅकेट राहिलंय. मग पालकांचा फोन. हे तर सगळ्यात भारी आहे, एजंट ड्रायव्हरचा नंबर पालकांच्या ग्रुपवर टाकून देतो, म्हणजे काळजीपोटी पन्नास लोक त्याच माणसाला फोन करणार ज्याने फोन उचलू नये असं त्यांना वाटतंय. मी स्वतः घाटात असताना सलग सात फोन आलेत मला, 'कुठपर्यंत पोचले?'

झोप आलेला ड्रायव्हर ओळखता येतो, ते सांगतो. थंडीत त्याच्या बाजूची खिडकी उघडी दिसली. गळ्यात ओला टॉवेल. गाण्याचा आवाज अचानक मोठा केला. बसल्या जागी सारखी मांडी बदलतो, डोकं खाजवतो. पांढऱ्या पट्टीवरून चाक जातं तेव्हा टायरचा आवाज बदलतो, तो आवाज एकदा आला तर ठीक, पाच मिनिटांत तीनदा आला तर गाडी बाजूला घ्यायला लावा, तोंडावर पाणी मारून काही होत नाही, वीस मिनिटं खरोखर झोपू द्या. जो शिक्षक पुढच्या सीटवर असेल त्याला हे कळलं पाहिजे. आणि तो स्वतः झोपलेला नसला पाहिजे.

तर शाळेला विचारा, आदल्या रात्री ड्रायव्हर कुठे होता. बसचा नंबर नंतर.

पावसाळी_ढग, बुधवार सकाळी ७:१५

बाप रे. हा प्रतिसाद प्रिंट काढून शाळेच्या बोर्डावर लावला पाहिजे. स्टेअरिंगमागे काका, +१००.

अवांतर: माझ्या मुलाला बस लागते, गोळी किती आधी द्यावी?

दोनचिमण्या, बुधवार सकाळी ७:४०

@पावसाळी_ढग, डॉक्टरला विचारून द्या, बऱ्याच गोळ्यांनी गाढ झोप येते आणि मग पोर थांब्यावर उतरतच नाही. सरांना सांगून ठेवा गोळी दिलीये म्हणून. पुढच्या बाजूला बसवा, पोट अगदी रिकामं नको.

कोपऱ्यातली_खुर्ची, बुधवार सकाळी ९:२०

काकांनी जे सांगितलं त्याचं एक फार वाईट उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. १८ नोव्हेंबर १९९३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, लंडनमधला कार्यक्रम बघून एक शाळेची मिनीबस एम ४० मोटरवेवरून परत येत होती. चालवत होत्या शाळेच्याच शिक्षिका. त्यांनी दिवसभर शाळेत काम केलेलं. बस रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या देखभालीच्या गाडीवर मागून आदळली, १२ मुलं आणि त्या शिक्षिका गेल्या. त्यानंतर तिथे नियम बदलले, मुलांच्या सहलीच्या मिनीबस आणि कोचमध्ये प्रत्येक मुलाला पुढे तोंड असलेली स्वतःची सीट आणि बेल्ट पाहिजे असं आलं. त्याआधी तिथेही दोन सीटवर तीन मुलं बसवायची सूट होती, हे वाचून मला जरा आश्चर्य वाटलं होतं.

म्हणजे इथे गाडीत खोट नव्हती, दारू प्यायलेला ड्रायव्हरही नव्हता. जबाबदार, मुलांवर जीव असणारी बाई होती. थकलेली.

थकव्याचं मोजमापही झालंय. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, हे नव्वदच्या दशकात प्रयोगात दिसलं आणि नंतरही. अनेक देशांत गाडी चालवायची कायदेशीर मर्यादाच तेवढी आहे. काकांच्या हिशोबातले बावीस तास त्याच्या शेजारी ठेवून बघा.

संमतीपत्राच्या ओळीबद्दल. ती ओळ बहुतेक पालकांना घाबरवण्यापुरतीच असते. ब्रिटनमध्ये तर १९७७ पासून कायद्यानेच एखाद्या व्यावसायिकाच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा इजा झाली तर ती जबाबदारी करारात ओळ टाकून झटकताच येत नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण 'सही केली म्हणजे शाळा मोकळी' एवढं सोपं सहसा कुठेच नसतं. मी असतो तर सही केली असती आणि त्याच कागदावर हाताने लिहिलं असतं की बस, ड्रायव्हर आणि वेळापत्रकाचा तपशील मिळाल्यावर परवानगी देत आहे. एक झेरॉक्स स्वतःकडे.

नट_बोल्ट, बुधवार दुपारी १:१०

उशीर झाला धाग्यावर यायला. गाड्यांच्या तपासणीचं काम करतो. काकांशी सहमत, पण बसही बघा हो, पाच मिनिटं लागतात.

टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. रबर वयाने कडक होतं, वरची नक्षी छान दिसत असली तरी आतून चिरलेलं असू शकतं. ब्रिटनमध्ये २०१२ साली एका कोचचा पुढचा टायर फुटून तिघं गेले, त्या टायरचं वय १९ वर्षं होतं, नक्षी शाबूत. आता तिथे बसच्या पुढच्या एक्सलवर दहा वर्षांवरचा टायर चालत नाही. पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) असेल तर मी माझं पोर त्या बसमध्ये चढू देणार नाही, स्पष्ट सांगतो. मागे जोडचाकं असतात, त्यातलं आतलं चाक कोणी बघत नाही, मोबाईलचा टॉर्च मारून बघा.

दुसरं, बाहेर पडायची वाट. अमेरिकेत केंटकीमध्ये १४ मे १९८८ ला एका जुन्या शाळेच्या बसला दारू प्यायलेल्या माणसाचा पिकअप समोरून धडकला. ती बस एका चर्चच्या मुलांची सहल घेऊन परत येत होती. धडकेने कोणीच गेलं नाही. टाकी फुटून आग लागली, पुढचं दार दबलं, सगळे साठपेक्षा जास्त लोक मागच्या एका दाराकडे धावले आणि त्या दाराजवळ पॅसेजमध्ये खाणंपिणं थंड ठेवायचा खोका ठेवलेला होता. २७ जण धुराने आणि आगीने गेले. आता आपल्या सहलीच्या बसमध्ये मागच्या दाराशी काय असतं आठवा. पाण्याचे जार, खाऊची पोती, क्रिकेटची किट. दार उघडून बघायला सांगा, नुसतं 'आहे' म्हणणं नको, ड्रायव्हरने आपल्यासमोर उघडून दाखवायचं. अर्ध्या वेळा गंजून बसलेलं असतं, नाहीतर बाहेरून कुलूप.

बेल्टबद्दल वाद घालणारे येतील म्हणून आधीच लिहितो. बस उलटते तेव्हा माणसं आतल्या आत एकमेकांवर आपटतात नाहीतर काचेतून बाहेर फेकली जाऊन बसखाली येतात, बेल्ट त्यासाठी. बेल्टने सगळे वाचतात असं नाही, स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१२ मध्ये सहलीची बस बोगद्यातल्या भिंतीवर सरळ आदळली, मुलांनी बेल्ट लावले होते तरी २२ मुलं गेली. वेगाने भिंतीवर जाणं वेगळं. पण उलटणं, करकचून ब्रेक लागणं, हे जास्त वेळा होतं.

शेवटचं, साधी बेरीज. मुलं किती, शिक्षक किती, बसच्या सीट किती. उंबरठा ताई हे आकडे आहेत का तुमच्याकडे?

उंबरठा, बुधवार दुपारी ३:३५

सगळ्यांचे खूप खूप आभार. आकडे आत्ता वर्गशिक्षिकांना विचारले. १४८ मुलं, ९ शिक्षक, तीन बस. प्रत्येकी ४९ सीटच्या.

नट_बोल्ट, बुधवार दुपारी ३:४१

१५७ माणसं, १४७ सीट.

दहा जण कुठे बसणार?

मीच_तो_बाबा, बुधवार दुपारी ४:०२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

अर्धाकप, बुधवार संध्याकाळी ६:३०

मी माझ्या मुलाला शाळेच्या सहलीला पाठवतच नाही. कोणी नावं ठेवा. मला त्या पाच ठिकाणांपेक्षा बोटिंगची भीती वाटते. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवलेले आणि सगळ्यांना लाईफ जॅकेट नव्हती. ती मुलं बसने नीट पोचली होती हो. बस बघून, टायर बघून पाठवलं असतं तरी काय. आपण रस्ता रस्ता करत बसतो आणि स्पॉटवर तिसराच कोणीतरी माणूस वीस मिनिटांसाठी आपल्या मुलाच्या जिवाचा मालक होतो.

खडूफळा, बुधवार रात्री ९:५०

मी शिक्षिका आहे, सतरा वर्षं, आणि दरवर्षी सहलीला जाते, जावंच लागतं. शिक्षकांच्या बाजूने कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितेय, राग मानू नका.

अर्धाकप, बोटीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्या सहलीतून बोट कायमची काढली आम्ही. पण न पाठवणं पटत नाही मला, काही मुलं घराबाहेर मित्रांसोबत पहिल्यांदा पडतात ती सहलीलाच.

आता वेळापत्रकाचं. पाच ठिकाणं शाळा का ठेवते माहितीये? एकदा आम्ही दोनच ठिकाणं ठेवली, सातला निघून सहाला परत. सभेत पालकच म्हणाले एवढ्या पैशात दोनच? शेजारच्या शाळेने तर पाच दाखवली. मग एजंट कोटेशनमध्ये स्पॉट वाढवत जातो, त्याला काय, कागदावर लिहायला किती लागतं. पहाटे साडेचार ही वेळ ड्रायव्हर ठरवत नाही आणि शिक्षकही ठरवत नाहीत, ती आपणच सगळ्यांनी मिळून ठरवलेली असते.

आणि मोजणी. सगळ्या शाळा मुलं 'मोजतात'. मी पण मोजायचे. एका किल्ल्यावरून उतरताना माझ्या बसमध्ये मोजणी झाली, ४६. बरोबर. बस निघाली. दहा मिनिटांनी मागून एक मुलगा म्हणतो बाई हा आपल्या शाळेचा नाहीये. पिवळी टोपी, आमच्याही पिवळ्याच होत्या. दुसऱ्या शाळेचं पोर घाबरून गप्प बसलेलं, आणि आमचं एक खाली पार्किंगमध्ये दुसऱ्या बसच्या सावलीत बसून बुटाची लेस बांधत होतं. ४६ चे ४६ भरले होते! त्या दिवसापासून मी आकडा मोजत नाही, नाव घेते, मूल तोंडाने 'हजर' म्हणतं आणि मी चेहरा बघते. चार मिनिटं लागतात. ड्रायव्हर वैतागतो. वैतागू दे.

परत आल्यावर रिकामी बस शेवटच्या सीटपर्यंत चालून बघायची, हेही आमच्याकडे आता पक्कं आहे. एकदा एक पोर मागच्या सीटवर तीन जॅकेटांखाली झोपलेलं मिळालंय. अमेरिकेत काही शाळांच्या बसला मागच्या टोकाला बटण असतं, इंजिन बंद केल्यावर ड्रायव्हरने तिथवर चालत जाऊन ते दाबलं नाही तर भोंगा वाजतो. आमच्याकडे बटण नाही, मी आहे.

स्टेअरिंगमागे, बुधवार रात्री १०:२०

>> ड्रायव्हर वैतागतो. वैतागू दे.

मॅडम आम्ही नाही वैतागत. आम्हाला ती चार मिनिटं पाय मोकळे करायला मिळतात. तुम्ही मोजत असताना एका सरांना बसच्या मागे उभं करा मात्र, गाडी रिव्हर्स घेताना क्लीनर खाऊ आणायला गेलेला असतो आणि पोरं नेमकी मागून पळतात. आरशात चार फुटांचं पोर दिसत नाही. बसच्या आत जेवढी काळजी घेता त्याच्या दुप्पट चढता-उतरताना घ्या.

आणि मी वर लिहायचं विसरलो, तीन बस एकामागून एक नेऊ नका. मागचा ड्रायव्हर रस्ता बघत नाही, पुढच्या बसचे लाल दिवे बघत जातो, अंतर कमी कमी होत जातं.

कोपऱ्यातली_खुर्ची, बुधवार रात्री १०:५५

अगदी. फ्रान्समध्ये बोनजवळ ३१ जुलै १९८२ च्या रात्री असंच झालं. मुलांना सुट्टीच्या शिबिराला नेणाऱ्या बस, सुट्टीची तुफान गर्दी, पाऊस, पुढच्या गाड्यांचा वेग अचानक कमी झाला. ५३ गेले, त्यातली ४४ मुलं. तेव्हापासून तिथे उन्हाळी सुट्टीतल्या सगळ्यात गर्दीच्या शनिवारी मुलांचे गट बसने लांब न्यायला बंदी असते, दरवर्षी सरकार तारीख जाहीर करतं. मला हा उपाय फार आवडतो. तो दिवसच नको.

युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो आणि दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदाच १०. मशीनमध्ये नोंद होते. उंबरठा ताईंची सहल तिथे एका ड्रायव्हरवर निघालीच नसती.

उंबरठा, शुक्रवार रात्री ८:१५

अपडेट देते. काल मी, आणखी दोन आया आणि एक बाबा मिळून शाळेत गेलो. चौघंच, मोर्चा नाही. आधी मुख्याध्यापक 'आजपर्यंत काही झालेलं नाही'वर होते, ते ऐकून मला मीच_तो_बाबा आठवले आणि हसू आलं. मी भांडले नाही. काकांचा हिशोब एका कागदावर लिहून नेला होता, दोनला उठला, साडेबाराला झोपला, तो समोर ठेवला आणि विचारलं हे बरोबर आहे का तेवढं सांगा. ते बराच वेळ कागद बघत होते. मग सहलीचं बघणाऱ्या सरांना बोलावलं, सरांनी एजंटला फोन लावला, स्पीकरवर. ड्रायव्हर आदल्या दिवशी मोकळे आहेत का? एजंट म्हणाला साहेब सीझन आहे, कसं सांगू. पुढे कोणाला काही बोलावं लागलं नाही.

दुसरा ड्रायव्हर द्यायला एजंट तयार नाही, परवडत नाही म्हणे. मग सरांनीच पेन घेतलं आणि दोन स्पॉट खोडले, बोटिंगवर तर दोन रेघा मारल्या. आता सहाला निघून साडेआठला परत, तीन ठिकाणं. दहा जणांसाठी एक छोटी गाडी वाढवली. ड्रायव्हरचे नंबर पालकांना द्यायचे नाहीत, एका मॅडमनी दर दोन तासांनी ग्रुपवर एक मेसेज टाकायचा, आणि कोणी उलट फोन करायचा नाही. ड्रायव्हर आदल्या दिवशी घरी असतील असं एजंटने लेखी दिलंय, खरं किती ते देव जाणे.

ती ओळ मात्र तशीच आहे, ती वरून आलीये म्हणे. मी त्याखाली हाताने लिहून सही केली.

काही पालक नाराज आहेत, दोन स्पॉट कमी झाले, पैसे तेवढेच. माझ्या मुलीलाही कळलंय की बोटिंग तिच्या आईमुळे गेलं.

दोनचिमण्या, शुक्रवार रात्री ८:३०

पुढची दोन वर्षं ऐकावं लागेल तुम्हाला. माझ्याकडून एक कडक चहा.

मीच_तो_बाबा, शुक्रवार रात्री ९:१०

बरं. कापसाचं मागे घेतो. माझ्या धाकट्याची पण सहल आहे पुढच्या महिन्यात, तो हिशोबाचा कागद इथे टाकाल का?

उंबरठा, बुधवार सकाळी ७:०५

गेली. सहाला निघणार होती, सहा पंचवीसला निघाली, आणि कारण ऐका. मी बसमध्ये चढले, बेल्ट कुठे दिसेनात. क्लीनर म्हणाला आहेत ना मॅडम, सीट कव्हरच्या आत आहेत, पोरं खराब करतात म्हणून आत घातलेत. रेक्झिनची कव्हरं, मागून नाडीने बांधलेली. मग आम्ही सात-आठ पालक, दोन सर आणि तो क्लीनर, सगळे वाकून नाड्या सोडतोय आणि बेल्ट ओढून काढतोय, काही बकल तर प्लास्टिकच्या पिशवीतसुद्धा तसेच होते, कंपनीतून आलेले. दोन बेल्ट अडकतच नव्हते, त्या सीटवर सरांनी बॅगा ठेवल्या आणि त्या मुलांना छोट्या गाडीत पाठवलं. मुलगी खिडकीतून माझ्याकडे बघत होती, तोंड फिरवून.

मागचं दार उघडून दाखवायला सांगितलं. दोन लाथा मारल्यावर उघडलं. पण उघडलं.

नट_बोल्ट, बुधवार सकाळी ७:३०

बकल पिशवीत! टायर?

उंबरठा, बुधवार सकाळी ७:३४

पुढचे दोन वर्षांपूर्वीचे. आतलं चाक टॉर्च मारून बघितलं, मला त्यातलं काय कळणार, पण बघितलं. ड्रायव्हर हसत होता, म्हणाला मॅडम आजपर्यंत कोणी तिथे डोकं घातलं नव्हतं.

उंबरठा, बुधवार रात्री ९:२०

आली. आठ पन्नासला. भूक भूक करतेय आणि चिडलीये, सरांनी प्रत्येक थांब्यानंतर बेल्ट चेक केले, नाचू दिलं नाही, वगैरे.

स्टेअरिंगमागे, बुधवार रात्री ९:३२

छान झालं ताई. ड्रायव्हरला दुपारी झोप मिळाली का?

उंबरठा, बुधवार रात्री ९:४१

विचारलं तिला. मिळाली म्हणे. पार्किंगवाल्याशी सरांनी आधीच बोलून बस सावलीत लावली, पडदे ओढले आणि दीड तास कोणालाही बसकडे फिरकू दिलं नाही. तिची टोपी बसमध्ये राहिली होती, ती आणायलासुद्धा सोडलं नाही म्हणून राग आहे. नाक लालभडक झालंय, आत्ता कोरफड लावतेय.